तुझं दार, माझी कुबडी

मार्था, मी तुझं डोकं फोडलं होतं. तेही पाठीमागून.

तू गेल्यावरच्या प्रार्थनासभेत सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलत होते, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून हेच आठवत होते. पाळकसाहेब वाकून म्हणाले, "बाई, तुम्हीही दोन शब्द बोला." माझ्याकडे खरे दोनच होते: डोकं फोडलं. येशूच्या तसबिरीखाली ते बरं दिसलं नसतं, म्हणून मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, म्हातारीला हुंदका आवरेना. हुंदका कसला, मला हसू येत होतं आणि कुणालातरी हाणावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम.

तेव्हाची मी कशी होते ते तुला ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. नुकतीच निवृत्त झालेली मास्तरीण. नगरची शाळा सुटली होती, पण शाळेची घंटा डोक्यात वाजतच होती. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं. माझ्या जिभेला त्यासाठी तुझे व्यायाम लावावे लागतील.) मुलाच्या नोकरीमुळे शेवगावला येऊन पडले होते आणि शिकवायला कुणी मिळत नव्हतं म्हणून भाजीवाल्याचं शुद्धलेखन सुधारत होते. बंद वर्गाबाहेर उभं राहून आत कोण काय करतंय ते मी नुसत्या आवाजावरून ओळखते, असा त्या बाईला भयंकर गर्व होता. 'त्या बाईला' म्हणते, कारण ती मीच होते हे अजून पचत नाही.

शिवाय तिचा उजवा खांदा धरला होता. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. म्हणून ती तुझ्या फिजिओथेरपी केंद्रात आली. गावाबाहेर पत्र्याची लांब खोली. पाइपांचे दोन कठडे, त्यांच्यामधून पडत-झडत चालणारी माणसं. भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी, छताच्या कडीला दोरी आणि कप्पी, कोपऱ्यात शेकायचं मेण वितळवायचं भांडं. आणि मागे एक लहान खोली. तिचं दार तू लावून घ्यायचीस. त्या दारामागून जे आवाज यायचे ते ऐकून नवीन आलेले पेशंट चप्पल घालायला लागायचे.

"ही बाई डाक्टर हाय का पैलवान?" असं एक माजी सरपंच सगळ्यांना विचारायचा. तू त्याचा गुडघा वाकवायला लागलीस की तो तुझ्या घराण्याचा उद्धार करायचा. तू शांतपणे म्हणायचीस, "आजोबांपर्यंत आलात. पणजोबांपर्यंत पोचा, तोवर गुडघा वाकेल."

मी शिडीवर लबाडी करायचे. खांदा न उचलता कंबर वाकडी करून बोट वरच्या पायरीला टेकवायचे. तू मागून येऊन खांदा दाबायचीस. "बाई, खांदा चढवा, कंबर नको."

"आई गं! मारतेस का काय?"

"मारलं असतं तर कळलं असतं तुम्हाला."

दोन महिने झाले तरी माझा हात कानाच्या वर गेला नव्हता. मी ठरवून टाकलं होतं की ही पोरगी कसाई आहे आणि हिला काही येत नाही.

त्या दिवशी मागच्या खोलीत संगीता होती. विशी-बाविशीची, काटकुळी. कडबाकुट्टीत हात गेला, असं सगळ्यांना माहीत होतं. नगरला ऑपरेशन झालं होतं, हाडं जुळली होती, पण बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. ती वाकली नाहीत तर तो हात जन्मभराचा गेला, हे तू बाहेरच सांगितलं होतंस. बाकावर तिचा नवरा बसला होता. तिच्या चपला मांडीवर घेऊन रडत होता. मोठ्यानं नाही, गप रडत होता, आणि त्यानंच मी विरघळले.

"तिच्या हातची भाकर असल्याबिगर मला जेवान जात न्हाई बघा, बाई," तो म्हणाला.

मी त्याला चहा पाजला. खारी खाऊ घातली. डोळे पुसायला माझा रुमाल दिला. कडेला भरतकाम केलेला, चांगला रुमाल. शाळेत असताना कुठलं पोरगं खोटं रडतंय हे मी फळ्यापाशी उभी राहून ओळखायचे म्हणे!

मग आतून किंकाळी आली.

तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. जनावराच्या नरड्यावर पाय दिल्यासारखा. एक संपायच्या आत दुसरी. नवरा ताडकन उठला. "मारत्यात तिला! बाई, मारत्यात!" आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. माझ्या वर्गातल्या मुलीला कुणी हात लावलाय. भिंतीला सरपंचाची कुबडी टेकवलेली होती, जड लाकडाची. ती उचलली, दाराला लाथ घातली. कडी निखळली. समोर तुझी पाठ. तू गुडघा टेकून तिच्या अंगावर वाकलेली, तिचा हात तुझ्या दोन्ही हातांत, आणि तिची बोटं तू मोडतेयस. हो, मला तेच दिसलं. तिचं तोंड एवढं उघडलेलं की आतली दाढ दिसावी.

मी कुबडी घातली.

नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. रक्त तुझ्या कानामागून मानेवर आणि तिथून पांढऱ्या कोटात उतरलं. तू वळलीस. दुसरा घाव घालायला मी कुबडी वर धरलेलीच होती. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस. माझ्या खांद्याकडे पाहिलंस, कोपराकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "बाई, हात डोक्याच्या वर गेला तुमचा."

आणि मटकन खाली बसलीस.

पुढचं मला आजही चटक्यासारखं आठवतं. नवरा हळूच आत आला. "चल, चल घरी. लई सोसलंस," म्हणत त्यानं संगीताला उठवलं, वाकून तिच्या पायात चपला घातल्या. आणि मी, मार्था, त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिले. जाताना संगीतानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आभार मानतेय. मी तिला मान डोलावून 'असू दे, असू दे' केलं! मोटारसायकल सुरू झाली तसं तू भिंत धरून उठायला लागलीस.

"अडवा त्याला, बाई."

"कुणाला?"

"कडबाकुट्टी नव्हती. वरवंटा घातलाय त्यानं तिच्या हातावर. पाट्यावर हात ठेवून."

मोटारसायकल निघून गेली होती.

टाके घालताना तू 'स्स'सुद्धा केलं नाहीस. दवाखान्यातल्या नर्सनं तुझे केस कापले, दोरा ओढला, आणि तू मला पाठ केल्यासारखं सांगत होतीस. तो मारायचा तेव्हा संगीता ओरडायची नाही. वस्तीवरची माणसं ऐकतील म्हणून पदर तोंडात कोंबायची. वरवंट्याच्या वेळीसुद्धा. तुझ्याकडे आल्यावरही तोंड बंद, आणि त्यामुळे सगळं अंग ताठ, त्यामुळे बोट हलेना. "मी तिला रोज सांगत होते, इथं ओरडलीस तरी चालतं, दार लावलंय मी. आज पहिल्यांदा ओरडली, बाई. बोटही पहिल्यांदा वाकलं." मग तू डोळे मिटलेस. "आणि तुम्ही दार उघडलंत."

दुसऱ्या दिवशी तू डोक्याला पट्टी बांधून केंद्राचा टेम्पो काढलास. मी पुढच्या सीटवर चढून बसले.

"तुम्ही कशाला?" तू म्हणालीस. "दुसरी बाजू फोडायला?"

पण उतरवलं नाहीस. कापसाच्या रानातून टेम्पो असा हाणलास की माझी कवळी हातात आली. वस्तीवर घराला बाहेरून कुलूप होतं. नवरा ओट्यावर बसला होता. आज रडत नव्हता. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता आणि खिशातून माझा रुमाल डोकावत होता.

"घरगुती मामला हाय," तो म्हणाला. माझ्याकडे बघून हसला. "अन् मास्तरीणबाई, काल तुमीच तर सोडवलं की तिला."

तू सरळ दाराकडे चालत गेलीस. त्यानं दांडा उगारला आणि खरंच मारला, तुझ्या पट्टीच्या बाजूनं. तू खाली वाकलीस, दांडा चौकटीवर आपटला, ढलप्या उडाल्या. आणि तू त्याचं मनगट धरलंस. एका हातात मनगट, दुसऱ्या हातात अंगठा. तुझा तो हात मी रोज पाहत होते, मेण चोपडताना, बोट मोकळं करताना. तोच हात, तीच पकड. फक्त या वेळी तू थांबली नाहीस. 'काड्' असा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला, तिथंच लोळला आणि ओरडला. असा ओरडला की कडुनिंबावरचे कावळे उठले.

गोठ्यातून त्याची आई आली. कमरेला किल्ली. पोराकडे एकदा पाहिलं, त्याच्या अंगावरून पाय उचलून पुढे गेली आणि कुलूप काढलं.

"न्या हिला," ती म्हणाली. "आन परत धाडू नका."

संगीताचा एक डोळा सुजून बंद झाला होता. हात पदरात गुंडाळलेला. ती स्वतःच्या पायांनी टेम्पोत चढली, आपल्या दोघींच्या मध्ये बसली. मी वाटभर बडबडत होते. काय तो पेच, काय ती पकड, कुस्तीच्या फडात शोभावं! तू कॅनॉलच्या पुलावर टेम्पो थांबवलास, खाली उतरलीस आणि ओकलीस.

"अंगठा मोडला मी त्याचा," तू म्हणालीस. "कुठं मोडतो ते मला माहीत होतं, बाई. तिथंच दाबलं."

"शाबास! दोन्ही मोडायला हवे होतेस."

तू माझ्याकडे असं बघितलंस की कुबडी असती तर घातली असतीस. "मोकळं करायला दाबणं आणि मोडायला दाबणं, ह्यातला फरक तुम्हाला कळत नाही, म्हणूनच काल माझं डोकं फुटलं."

तेव्हापासून आपण भांडतोय, मार्था. ते भांडण तू अर्धवट टाकून गेलीस.

पोलिसात तक्रार झाली, तारखा पडत राहिल्या, संगीता त्या घरी परत गेली नाही. आणि तू काय केलंस? त्या माणसाचा अंगठा वाकडा बसू नये म्हणून दुसऱ्या तालुक्यातल्या तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केलास. व्यायाम सांगितलेस! मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. आठव्या दिवशी विचारलं, "ज्या अंगठ्यानं वरवंटा धरला, तो बरा करायचा?"

"अंगठा आहे तो, बाई," तू म्हणालीस. "अंगठ्याला काय माहीत."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. एवढंच की तू समोर असताना न पटायला मजा यायची.

दुसरं भांडण त्या दाराचं. मी म्हटलं, दाराला काच लाव, म्हणजे माझ्यासारखी एखादी शहाणी पुन्हा लाथ घालणार नाही. तू ठाम नाही म्हणालीस. "घरात कुठं ओरडायची सोय असते माणसाला? इथं तरी असू दे." मग तूच तोड काढलीस. निखळलेली कडी नवी बसवलीस आणि मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलंस. आत ओरडणं सुरू झालं की बाहेरच्या आई-बापांना, नवऱ्यांना, सुनांना धरून ठेवायचं काम माझं. केंद्रातल्या सगळ्या कुबड्या माझ्या पाठीमागे. "बसा. मी एकदा दार उघडलं होतं, काय झालं ते ऐका," म्हणून मी हीच गोष्ट सांगायचे. तुझी थेरपी आत चालायची, माझी बाहेर.

वार्षिक मेळाव्याचं सूत्रसंचालनही मग माझ्याच गळ्यात पडलं. देणगीदार पुढच्या खुर्च्यांवर बसायचे, त्यांना आकडे हवे असायचे. किती पेशंट, किती बरे, किती साधनं वाटली. तू तो कागद घडी करून बुडाखाली ठेवायचीस आणि मला खूण करायचीस. मी माईकवरून ओरडायचे, "करून दाखवा!" आणि वर्षभर जे साधलं ते एकेक जण सगळ्यांसमोर करून दाखवायचा. कुणी शर्टाचं बटण लावायचं. कुणी कृत्रिम पायानं एक पायरी चढायचं. एका बाईची लेक, जन्मापासून मान न धरणारी, मान उचलून आईकडे बघायची, बस्स, तेवढंच, आणि सगळा मांडव श्वास रोखून तिच्या मानेकडे बघत राहायचा. एका कंडक्टरला अर्धांगानंतर 'च्यायला' एवढा एकच शब्द येत होता. तू त्याला आरशासमोर बसवून वर्षभर घासलंस. मेळाव्यात तो उभा राहिला, घामाघूम झाला, आणि पाहुण्यांकडे बघत म्हणाला, "च्यायला... चहा!" टाळ्या थांबेनात. पाहुण्यांना कळेना, टाळ्या कशाला.

त्या पहिल्या वर्षी संगीताला ओला टॉवेल पिळून दाखवायचा होता. त्या मारानंतर बोटं पुन्हा ताठली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली होती. महिनोन् महिने बंद दारामागे ती किंचाळली. मी बाहेर बाक घट्ट धरून बसले. प्रत्येक किंकाळीला माझा हात मागे कुबडीकडे जायचा आणि मी तो मांडीखाली दाबायचे.

ती बादलीसमोर उभी राहिली. टॉवेल बुडवला. पिळला. दोन थेंब पडले. पुन्हा पिळला. पुन्हा तेवढेच. मांडवात चुळबुळ सुरू झाली. तू पुढे झालीस आणि थांबलीस. मला राहवलं नाही. माईकवरून म्हटलं, "कुणाची मान समजून पिळतेस गं?"

तिनं वर पाहिलं. तोवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"तुमची, बाई."

आणि असा पीळ घातला की पाणी बादलीबाहेर, पाहुण्यांच्या बुटांवर. मांडव हसून कोसळला. तू डोक्यावरचा व्रण दाबून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी. मी माईकमागे तोंड लपवलं. ती चेष्टा नव्हती हे मला, तिला आणि तुला, तिघींनाच ठाऊक होतं.

तुला मात्र मी कधी 'चुकलं' म्हटलं नाही. दरवेळी म्हणायचे, "माझ्यामुळे तुझं डोकं जरा ठिकाणावर आलं." तू म्हणायचीस, "आणि तुमचा खांदा." झालं. इतकी वर्षं त्यावरच भागवलं. एक गोष्ट विचारायची राहिली. टाके घालताना तू ओरडली नाहीस. अंगठा मोडल्यावर ओकलीस, पण ओरडली नाहीस. दिवसभर दुसऱ्यांच्या किंकाळ्या हातात धरायच्या आणि संध्याकाळी कुलूप लावून स्कूटीवर घरी. तुझ्यासाठी दार कुणी लावलं, मार्था? मी बाहेर बाकावर बसले होते. मला उठून आत यायला काय झालं होतं?

तू गेलीस ती दोन पेशंटच्या मध्ये, हात धुताना. नळ चालूच राहिला म्हणे. मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरातला माठ लाथेनं फोडला. नातसुनेला वाटलं, आजींचा पाय घसरला. मी तसंच वाटू दिलं. रडले नाही.

यंदा माझा डावा खांदा धरलाय, ते तुझ्याकडेच चाललं होतं. तू गेल्यापासून व्यायाम सोडला. रुसून. कुणावर रुसले ते कळायला ऐंशीच्या घरातली अक्कल पुरत नाही. हात पुन्हा कानाशी येऊन अडकला.

काल संगीता घरी आली. तूच तयार केलेली; आता मागची खोली तीच सांभाळते. पदर खोचून दारात उभी.

"मेळावा जवळ आला, बाई. औंदा तुमी काय करून दाखवनार?"

"मी? मी माईक धरणार."

"मंग धरा की. दोनी हातानं, डोक्यावर."

"लबाड आहेस."

"तुमच्या हाताखालची हाय."

तिनं नातसुनेला चहा टाकायला पिटाळलं, मला कॉटवर आडवं केलं आणि माझं डावं मनगट धरलं. त्याच हातानं. दोन बोटं अजून किंचित वाकडी आहेत, पण पकड, मार्था, तुझीच. जशीच्या तशी. तिनं हात वर न्यायला सुरुवात केली आणि खांद्यात कुणीतरी तापलेली सळई घातली. मी दात आवळले. पदर तोंडात घेतला. स्वयंपाकघरात नातसून होती, भिंतीपलीकडे शेजारी, आणि मी मास्तरीण. मी ओरडत नसते.

संगीता थांबली. माझ्या तोंडातल्या पदराकडे बघत राहिली. माझं मनगट न सोडता तिनं पाय लांब करून दार लोटलं, मागे वाकून दुसऱ्या हातानं कडी घातली. मग पदराचं टोक माझ्या दातांतून हळूच ओढून काढलं आणि म्हणाली,

"वरडा, बाई. दार लावलंय म्या."